ओढ्याची जागा

ऑफिसात तिला सगळे ‘झाडवाली’ म्हणत. इमारती आखणाऱ्या त्या फर्ममध्ये जमीन, पाणी आणि झाडं बघणारी ती एकटीच. इमारती ठरल्या की उरल्यासुरल्या जागेत हिरवा रंग भरायला तिला बोलवायचं, अशी रीतच पडली होती.

या खेपेला काम मोठं होतं. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर विज्ञाननगर वसवायचं होतं: प्रयोगशाळा, नव्या उद्योगांची ऑफिसं, राहती घरं. ती तीनदा सगळी जागा पायी तुडवून आली. मधोमध जुना ओढा होता. कारखानावाल्यांनी तो पाइपात कोंबून वर माती लोटली होती. तो मोकळा करावा, दोन्ही काठांना बाग ठेवावी, पायवाटा त्याच्या कडेने न्याव्यात आणि इमारती उंचवट्यावर चढवाव्यात, असं तिच्या मनात होतं. पण फर्मच्या मोठ्या सरांनी आराखड्यात नेमकी तिथेच मुख्य प्रयोगशाळा बसवली होती.

“पाइप आहे ना? झालं तर मग,” असं म्हणून सरांनी दोनदा तिचं बोलणं उडवून लावलं.

धुसफुसतच ती घरी आली. घरी न्हाणीघराची नवी फरशी बसत होती. उतार अगदी बरोबर आहे, असं गवंडी शपथेवर सांगत होता. सासूबाईंनी काही न बोलता बादली उपडी केली. पाणी जाळीकडे पाठ फिरवून थेट दाराकडे निघालं. गवंड्याने मुकाट्याने छिन्नी उचलली.

“आई, तुम्ही त्याला एक शब्दही बोलला नाहीत!”

“वाद घालून घसा कशाला कोरडा करू? त्याचं त्यालाच दिसलं की.”

सोमवारी बैठकीला सूक्ष्मदर्शक विभागाच्या प्रमुख बाई आल्या होत्या. मुख्य प्रयोगशाळा त्यांचीच. टेबलावर मॉडेल मांडलं होतं. मॉडेलकाराने जमिनीचा प्रत्येक चढउतार थर लावून अचूक केला होता आणि वर पुठ्ठ्याच्या देखण्या इमारती चिकटवल्या होत्या. सर रंगात येऊन बोलत होते. झाडवालीने पाण्याचा जग उचलला.

“सर, माफ करा हं,” ती म्हणाली आणि तिने तो मॉडेलच्या वरच्या टोकाला ओतला.

पाणी उतारावरून वळणं घेत आलं आणि मुख्य प्रयोगशाळेभोवती साचलं. पुठ्ठा फुगला, भिंत खाली बसली.

“अगं, काय केलंस हे!” सर ओरडले. मॉडेलकाराने डोक्याला हात लावला.

प्रमुख बाई मात्र वाकून बघत होत्या. “इथे माझी यंत्रं ठेवणार होतात तुम्ही?” आणि त्या खो-खो हसत सुटल्या. “इथली जमीनही मऊ असणार. शेजारून ट्रक गेला तरी माझा सूक्ष्मदर्शक थरथरेल. खडक कुठे आहे?”

“इथे,” झाडवालीने वरच्या टेकाडावर बोट ठेवलं. “दीड हातावर पक्का खडक लागतो. गाड्यांचा रस्ताही तिथून लांब ठेवता येईल.”

“मग माझी प्रयोगशाळा तिथेच.”

सरांनी रुमालाने टेबल पुसलं. “हे आधी का नाही सांगितलंस?”

“दोनदा सांगितलं, सर.”

सगळे हसले. सरही शेवटी हसले, जरा ओशाळून. “बरं बाई, आता ओढ्यापासून तूच सुरुवात कर. इमारती मी मागाहून बसवतो.”

“पुढच्या वेळी आधी कळवा,” मॉडेलकार पुटपुटला, “इमारती प्लास्टिकच्या करतो.”

पुढच्या वर्षी पाइप फोडला, तेव्हा अख्खं ऑफिस काठावर जमलं होतं. आधी नुसता गाळ आला, मग गढूळ पाणी आणि मागोमाग स्वच्छ धार. सर पुढे सरसावले आणि नव्या बुटांसकट घोट्यापर्यंत चिखलात रुतले. झाडवालीने हात देऊन त्यांना बाहेर ओढलं. एक बूट आतच राहिला, पण सर त्या वाहत्या धारेकडेच बघत उभे होते.