दुहेरी दोर

माझी धाकटी जाऊ माया चौतिसाव्या वर्षी दहावीला बसली आणि गणितात दोनदा आपटली. बाकी सगळे विषय निघाले, गणित तेवढं दारात अडून बसलं. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म भरायला सोमवारपर्यंत मुदत होती आणि ही बाई काही केल्या तयार होईना. मला तिचा राग यायचा, आणि जीवही तुटायचा.

बुद्धपौर्णिमेला वाडीतल्या आमच्या विहारासमोर मोठ्या चक्राची रांगोळी घालायची ठरली, तेव्हा रंग किती लागेल हे काढायचं काम मी मुद्दाम तिच्या गळ्यात घातलं.

"हे जमलं तर फॉर्म भरीन," ती म्हणाली. "नाही जमलं, तर माह्यासमोर गणिताचं नाव नका काढू, ताई."

चक्राचे सारखे आठ खाने. वर्तुळ काढायला आमचा एक ठरलेला दोर आहे. त्याची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून तो मधोमध ठोकलेल्या खुंटीत अडकवायचा, दुसरीकडे खडू धरायचा आणि ताणून फिरायचं. मायाने तो दोर घरी नेला, गाठ सोडली, मोजला. बारा फूट. बाराला बाराने गुणलं, पायने गुणलं, आठाने भागलं: एक खाना साडेछपन्न चौरस फूट. किलोभर रंगात पाच चौरस फूट भरतं, हे आम्ही आधीच करून पाहिलं होतं. म्हणजे सगळ्या चक्राला नव्वद किलो. दोन दिवस आम्ही बाया रांगोळी चाळत आणि रंगवत बसलो.

पौर्णिमेला उन्हाच्या आत कामाला लागलो. पहिला निळा खाना तीन किलोतच भरला. पोत्यांचे ढीग तसेच.

"माया, अमरावती रोडपर्यंत रांगोळी घालून राहिली काय वं?" शेजारची गोपिका म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि लगेच मला माझीच लाज वाटली, कारण मायाचा चेहरा पार उतरला होता. ती जाऊन खुंटीपाशी बसली. दोर हातात घेऊन तिने तो खुंटीपासून गाठीपर्यंत चाचपला.

"ताई," ती म्हणाली, "सूत्र बरोबर आहे. मी दोर चुकली. घरी पुरा मोजला, इथं तो दुहेरी आहे. त्रिज्या सहाच. दुप्पट धरली म्हणून रंग चौपट झाला."

"मंग आता?"

तिने गाठ सोडली, एक टोक खुंटीला बांधलं, दुसऱ्याला खडू. "आता बाराचंच चक्र काढू. भरलेला खाना पुसू नका, तो नव्या खान्याच्या आतच येते."

मायाला हुकूम सोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नवं वर्तुळ थेट विहाराच्या पायरीला टेकलं. नऊच्या सुमारास आठवा खाना भरला तेव्हा पोत्यांत सगळा मिळून ओंजळभर रंग उरला. मला इतका आनंद झाला की मी भर पटांगणात तिला मिठी मारली.

आमच्या सासूबाई, अंजनाबाई, पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

"दुप्पटचं चौपट कसं होते वं? मले समजाव."

मायाने मातीत बोटाने एक लहान गोल काढला, शेजारी दुप्पट रुंद. सासूबाईंनी दोन्ही गोलांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे दुप्पट रुंद भाकरीले चार भाकरीचं पीठ. अन् तुहा खाना म्हणजे अर्धी चतकोर. हे तं मले पयलेपासून ठाऊक आहे."

"आई, तुम्ही माह्या शेजारच्या बाकावर असत्या, तर मी कवाच पास झाली असती."

"कॉपी नाही करू देणार," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी फॉर्म भर. अन् पेपरात अडली, तर भाकर आठवजो."