पुढून उघडणारा गाऊन

“आई, गळ्यापासून खालपर्यंत बटणं? हा कशाला शिवलात?” सुनेने पिशवीतून गाऊन बाहेर काढला. “छाती उघडणार नाहीत म्हणून डॉक्टर कंठशोष करून सांगतायत.”

“त्यांचं काय जातंय सांगायला! मागच्या वेळी जखम धुवायची म्हणजे दोन्ही हात वर. जीव जायचा माझा.”

गल्ली त्यांना टाकेबाई म्हणायची. सारा जन्म शिलाई मशीनवर गेला होता. छातीच्या मधोमध जुन्या ऑपरेशनचा व्रण. तेव्हापासून स्वतःचे ब्लाउज त्या बंद गळ्याचेच शिवत. त्या वेळी हृदयात बसवलेली झडप जनावराच्या ऊतीची होती. ती आता कडक होऊन कामातून गेली होती. चार टाके मारले की धाप लागायची. पण ऑपरेशनचं नाव काढलं, की टाकेबाई भिंतीकडे तोंड करून निजायच्या.

डॉक्टर अगदी पोरसवदा. “आजी, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेणार. नवी झडप मिटून आत जाते आणि जुनीच्या पोटातच उघडते. जुनी काढायचीच नाही.”

“म्हणजे अस्तर लावणार.”

“हं... तसंच समजा.”

“आणि नाही बसलं तर?”

“तर मात्र छाती उघडावी लागेल. पण तशी वेळ क्वचितच येते.”

“ऐकलंस?” टाकेबाई सुनेला म्हणाल्या. “राहू दे गाऊन पिशवीत.”

जाग आली तेव्हा त्यांचा हात आधी छातीवर गेला. जुना व्रण बोटांना लागला. त्याच्यावर पट्टी नव्हती. पुन्हा चाचपलं. मग त्यांनी हळूच श्वास घेऊन पाहिला. तो कुठे न अडता थेट तळाशी गेला.

“आई, रडताय?”

“रडतेय कशाला? चहा कधी देतात विचार.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका आल्या. त्यांची बायपास होती, म्हणजे छाती उघडावीच लागणार. आल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

टाकेबाईंनी सुनेला खूण केली. गाऊन पिशवीतून निघाला.

“बाई, तुम्हाला थोडा सैल होईल. पण सैलच बरा. कोरा आहे हो, अंगाला लावलेला नाही. हात वर करावे लागत नाहीत यात. आणि बटणं मुद्दाम मोठी घेतलीत, बोटं थरथरली तरी लागतात.”

शिक्षिकेने कूस बदलली. गाऊन उराशी ओढून घेतला आणि वरचं बटण एकदा काढून, पुन्हा लावून पाहिलं.