कॅल्क्युलेटरची वाटणी

चांदवडला पप्पा आणि सोमनाथकाका वेगळे झाले आणि त्यांची वाटणी कॉलेजसाठी शहरात घेतलेल्या इंदिरानगरच्या आमच्या खोलीपर्यंत येऊन पोचली. गॅस माझा, कपाट स्नेहाचं. स्नेहा काकांची मुलगी. आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात, एकाच वर्गात. आज काका टेम्पो घेऊन तिला हॉस्टेलवर हलवायला आले होते. तिची खाट आणि गादी चढवून ते खाली चहाला थांबलेले. तिने जाऊ नये एवढंच मला वाटत होतं, पण मोठ्यांच्या भांडणात आम्हाला विचारतो कोण?

उरला ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर. आतेभावाने अमेरिकेहून दोघींत मिळून एकच पाठवलेला. तो आलटून पालटून वापरायचा असं ठरलं, पण आतला माल स्नेहाला वेगळा हवा होता.

"तुझं फोल्डर तुला, माझं मला," ती म्हणाली.

आमचं प्रोजेक्ट कांदा साठवायच्या चाळीचं, आत ठेवलेल्या कांद्याचं वजन किती घटतं ते मोजायचं. दोघे बाप आपापल्या चाळीतले ठरलेले क्रेट दर रविवारी तोलून लेकीला वजन कळवायचे. एकमेकांशी बोलणं बंद, पण रविवार कुणी चुकवला नाही. आम्ही दोघी ते आकडे 'वजन' या एकाच नावाने साठवायला जायचो, आणि एकीचं भरलं की दुसरीचं पुसलं जायचं. आता दोन फोल्डरांत दोन 'वजन' सुखाने नांदायला लागली. बापांपेक्षा यंत्र शहाणं निघालं.

"गुरुत्वाकर्षणाचा आकडा कुणाचा?" मी विचारलं.

"घे तूच." ती हसलीसुद्धा नाही.

सगळं हलवून झाल्यावर 'मेन' नावाचं मूळ फोल्डर रिकामं राहिलं. स्नेहाने ते पुसायला घेतलं. पुसेना. पुन्हा केलं, तरी तेच.

"ते नाही जात गं," मी म्हटलं. "बाकीची आपण केलेली. ते पहिल्यापासूनचं आहे."

ती एकदम रडायलाच लागली. मलाही आवरेना. तेवढ्यात काका वर आले आणि आमचे अवतार बघून दारातच थांबले.

"काय झालं? काय मोडलं का?"

"वाटणी चाललीय," मी जरा फटकारूनच म्हटलं आणि स्नेहाच्या 'वजन'चा ग्राफ काढून कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर एक रेघ हळूहळू उतरत होती. "ही तुमच्या चाळीतल्या कांद्याची घट."

काका बराच वेळ बघत राहिले. "अन् दादाची?"

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून 'दादा' ऐकलं नव्हतं. माझ्या फोल्डरातलं वजन मी त्याच ग्राफवर घेतलं. पप्पांची रेघ सरळ खाली घसरलेली.

"लय घट हाय ही," काका पुटपुटले. "चाळीला खालून हवाच नाय. जमिनीला टेकवली आसंल. पाया विटांवर घ्यायला सांग. मी बोललो म्हणू नको."

मी तिथल्या तिथे पप्पांना फोन लावला, स्पीकरवर. विटांचं सांगितलं, नाव काही घेतलं नाही.

पप्पांनी 'विटांवर?' असं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "सोमा हाय का तिथं?"

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"त्याला म्हणावं, चाळ उचलायला दोन माणसं लागत्यात. मला एकट्याला नाय जमायचं."

काकांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि जिन्याकडे वळले.

"स्नेहा, खाली ये," ते म्हणाले. "खाट-गादी उतरवून घे. टेम्पोत विटा भरायच्यात."