करंजाखालचं बाकडं

रसायनीच्या त्या कंपनीत चाळीस वर्षं एक हिरवळ होती आणि तिच्यावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. नव्या साहेबांना मात्र माणसं बाहेर बसून गप्पा मारताना हवी होती. बागा आखणं हा माझा धंदा. पाटी मी पहिल्याच दिवशी उपटली.

खोदताना एक लांब काळा दगड निघाला, मधोमध झिजलेला. फुकटचं बाकडं! मी खूश. करंजाखाली दोन ठोकळ्यांवर तो मांडला.

दुपारी तिथं माणसं मजेत बसत. पण दिवेलागणीला जो बसे तो थोड्या वेळानं बाजूला सरके, मागं वळून पाही आणि उठून जाई. "मागून कुणाला तरी आत जायचंय असं वाटतं," ऑफिसातली रिया म्हणाली. हसतच म्हणाली, पण पुन्हा बसली नाही. हळूहळू संध्याकाळी बाग ओस पडू लागली. साहेबांनी सुनावलं, असंच चाललं तर करंज तोडून पार्किंग करू.

कंपनी यायच्या आधी तिथं आमचंच गाव होतं. म्हणून चंद्राआत्याला चौक गावाहून घेऊन आले. तिनं दगडावरून हात फिरवला, टोकाशी दाराच्या खुंटीचं भोक चाचपलं आणि माझ्यावरच खेकसली, "उंबरा हाय आपला! तिन्हीसांजेला उंबऱ्याव बसवतात व्हय गं मानसांना? आये दारात खोळंबली असंल."

तिची आये म्हणजे माझी आजी, अंबूबाई. घरं पाडली त्या दिवशी ती शेतावर होती. परतली तर सगळी सपाट माती. डोक्यावरचा पेंढ्याचा भारा न उतरवता ती तिथंच उभी राहिली होती म्हणे. पुढं चौकच्या घरात मरेपर्यंत पाहुण्यासारखी वावरली. ते आठवलं आणि मला भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

दुसऱ्या दिवशी दगड जिथून निघाला होता तिथंच, जमिनीशी सपाट बसवून घेतला. संध्याकाळी आत्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि बाजूला झाली.

"ये आये. भारा उतरव."

ओल्या पेंढ्याचा वास माझ्या अगदी जवळून आत गेला. करंजाखाली रिया आणि दोघीतिघी बसल्या होत्या. कुणी सरकलं नाही. करंज वाचला होता.

आत्या बराच वेळ आत बघत राहिली. मग तिनं माझा दंड धरला.

"आली गं आत. पन आता चूल कुठं हाय म्हनून सांगू तिला?"

माझ्या नकाशात चहाची टपरी होती, बाकं होती, दिवे होते. चूल कुठंच नव्हती.