हेक्टर कुठे जेवतो

सरकारी मदतीच्या ऑफिसातून चौकशीवाली बाई आली तेव्हा मी विल्माच्या स्वयंपाकघरातच बसले होते. नसते तर बरं झालं असतं.

आमची घरं खाणकंपनीने बांधलेली, जोडीजोडीने. दोन घरांत मिळून मधली भिंत एकच. विल्मा बुटिलिए पलीकडे खोकली तरी मला इकडे कळायचं, आणि माझा रेडिओ ती फुकटात ऐकायची. तिचा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. मासळीच्या कारखान्यात थंड पाण्यात उभं राहून राहून तिची पाठ कामातून गेली, तेव्हापासून ती सरकारी मदतीवर होती. 'एकटी राहणारी स्त्री' असं तिच्या कागदावर लिहिलेलं होतं.

हेक्टर गूथ्रोचं घर समोरच्या ओळीत तिसरं. खाण बंद झाली तेव्हा त्याला छोटीशी पेन्शन मिळाली आणि छातीत भरलेली धूळ मिळाली. केप ब्रेटन बेटावरच्या हिवाळ्यात दोन घरांत दोन शेगड्या पेटवायच्या म्हणजे कोळसा दुप्पट. म्हणून नोव्हेंबर लागला की हेक्टर आपल्या वाटणीची पोती विल्माच्या मागच्या दारी आणून टाकायचा आणि संध्याकाळचं तिच्याकडे जेवायचा. जेवण झालं की मी आणि फ्लोरा पेत्री जायचो आणि चौघं पत्ते खेळायचो. छातीने फारच छळलं तर हेक्टर तिथेच स्वयंपाकघरातल्या दिवाणावर आडवा व्हायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांचं आपसात काय आहे हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही एकमेकांना विचारलं असेल असं मला वाटत नाही.

तर ती बाई आली. तिशीतली, बोलायला गोड, हातात फाइल. चहा नको म्हणाली. दाराशी थांबून खाली बघत राहिली.

"हे बूट पुरुषाचे दिसतायत."

"माझ्या नवऱ्याचे आहेत," विल्मा म्हणाली.

"ते वारले ना?"

"हो."

"कधी?"

"चौदा वर्षं झाली."

"आणि बूट ओले कसे?"

हेक्टर मागे कोळसा फोडत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. बाईने दिवाणावरची उशी पाहिली, त्यावरचं घडी केलेलं घोंगडं पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळली.

"तुम्ही शेजारी का? हे गृहस्थ इथेच राहतात?"

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "मी गुरुवारी घरी नसतेच."

त्या दिवशी मंगळवार होता. गुरुवारचं मला कुणी विचारलेलं नव्हतं. माझा चेहरा तापला. बाईने ते लिहिलं की नाही मला दिसलं नाही, पण विल्मा माझ्याकडे वळून बघत होती ते दिसलं.

माझं गुरुवारचं असं होतं. मीही मदतीवरच होते. दर गुरुवारी मी तीन मैलांवरच्या एका दातांच्या डॉक्टरच्या घरी साफसफाई करायचे आणि हातात रोख पैसे घ्यायचे. ऑफिसला कळवलं असतं तर जेवढं मिळवलं जवळजवळ तेवढंच मदतीच्या चेकमधून कापलं गेलं असतं. त्याच्या वर्षभर आधी शाळेच्या स्वयंपाकघरात कायमची नोकरी मिळत होती, ती मी नाकारली होती. पगार लागला की फुकट औषधांचं कार्ड काढून घेतात, आणि माझ्या साखरेची औषधं त्या पगारात बसत नव्हती. लोक म्हणाले, एडनाला काम नको आहे. म्हणू दिलं. गुरुवारचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं, विल्मालाही नाही.

दहा दिवसांनी पत्र आलं. आपण एका पुरुषासह संसार करत असल्याचं आढळल्याने त्याचं उत्पन्न आपलंच धरण्यात येत आहे, सबब पुढच्या महिन्यापासून मदत बंद. अपील करायला तीस दिवस.

"त्याची पेन्शन माझी कशी?" विल्माने मला कुंपणावरून विचारलं. "त्यात त्याचंच भागत नाही."

"कुणीतरी फोन केला असणार," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "कुणीतरी केला असणार."

पोस्टात एक कागद लावलेला होता. मदत घेणारं कुणी खोटं वागत असेल तर या नंबरवर कळवा, आपलं नाव विचारलं जाणार नाही. कुणीतरी तो फाडला, तेव्हा पोस्टमास्तरांनी नवा कागद हात पोहोचणार नाही इतक्या वर चिकटवला. आता आम्ही तिकिटं घ्यायला गेलो की रांगेतलं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचं आणि कागदाकडे बघायचं टाळायचं.

पुढच्या आठवड्यात विल्मा पुन्हा कुंपणाशी आली. हातात कपड्यांची टोपली होती, पण कपडे वाळत घालायची हवा नव्हती.

"तू गुरुवारी कुठे जातेस गं?"

"दवाखान्यात. साखर तपासायला."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

"साडेआठच्या बसने? ती बस दवाखान्याकडे जात नाही, एडना. ऑफिसाकडे जाते."

ती डॉक्टरच्या बंगल्याकडेही जायची, पण ते सांगायला माझं तोंड उघडेना. मनात आलं, हिला सांगितलं आणि उद्या अपिलात हिला कुणी विचारलं, तर? माणूस स्वतःला वाचवायला काय बोलेल सांगता येत नाही. मैत्रिणीबद्दल मी असा विचार केला. तिने टोपली उचलली.

"बरं," ती म्हणाली. "परत नाही विचारणार."

पत्ते बंद झाले. भिंतीपलीकडून आता फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. विल्मा माझा रेडिओ ऐकू येऊ नये म्हणून स्वतःचा लावायची.

आणि मग मी जे केलं ते सांगायला हवं. फ्लोरा पेत्री कोपऱ्यावर दुकान चालवायची. आम्हा तिघी बायकांत तीच एक मदतीवर नव्हती. चर्चच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी बायकांत विषय निघाला, कोण असेल, कोण असेल. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात साखर नसतानाही चमचा फिरवत म्हणाले, "फ्लोराला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. तिचं काय जातंय?"

एवढंच बोलले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये फ्लोराच्या बाकावर ती एकटीच बसली होती. लोक पाव आणायलाही बसने खालच्या गावात जायला लागले.

हेक्टर आता आपल्या घरी शेगडी पेटवायचा, तीही अर्धी. विल्मा सुरुवातीसुरुवातीला बटाटे आणि खारवलेला कॉड मासा भांड्यात घालून मागच्या पायरीवर ठेवायची. तो दुपारी गल्लीच्या मागून येऊन घेऊन जायचा आणि भांडं घासून परत ठेवायचा. मग एक दिवस ओळीच्या टोकाला पांढरी गाडी उभी दिसली, आत एक माणूस वही घेऊन बसलेला. तो विजेच्या तारांचं काम बघायला आला होता हे नंतर कळलं. पण पायरीवरचं भांडं त्या दिवसापासून बंद झालं.

डिसेंबरात हेक्टर माझ्याकडे आला. जिना नव्हता, चढ नव्हता, तरी दारात उभा राहून आधी श्वास घेतला.

"अपिलाला साक्षीदार हवाय," तो म्हणाला. "मी तिच्याकडे राहत नाही असं सांगणारा. भिंतीपलीकडची तूच आहेस."

"विल्माने पाठवलं?"

"ती तुझं नाव काढू देत नाही."

"मग?"

"मग काय. तू फोन केला असशील तर येणार नाहीस. नसशील केला तर येशील."

"हेक्टर, तिथे मला माझंही विचारतील."

"काय विचारतील?"

तो उत्तरासाठी थांबला नाही. जाताना आमच्या दोन्ही घरांच्या मधोमध उभा राहून इतका वेळ खोकला की विल्माने पडदा बाजूला केला. केला आणि पुन्हा ओढून घेतला. ते पाहून मी कॅलेंडरवर अपिलाच्या तारखेवर खूण केली.

अपील वाचनालयाच्या वरच्या खोलीत होतं. समोर तीन माणसं, मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई अध्यक्ष. बाजूला ऑफिसचा माणूस, तीच फाइल घेऊन. विल्मा आणि हेक्टर मधे एक खुर्ची सोडून बसली होती. मला बघून विल्माने पर्स मांडीवर घट्ट धरली.

मी सांगितलं. हेक्टर जेवायला येतो, पत्ते खेळतो, घरी जातो. आजारी असला तर दिवाणावर पडतो.

"तुम्ही दिवसभर घरी असता?" ऑफिसच्या माणसाने विचारलं.

मी म्हणाले, "बहुतेक दिवस."

त्याने मान हलवली आणि पान उलटलं. तेवढ्यावर मी सुटले.

अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, "ही माहिती मुळात आली कुठून? कुणी तक्रार केली?"

विल्मा माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा कान माझ्याकडेच होता.

"तक्रार नाही," तो म्हणाला. "श्री. गूथ्रो यांनी गेल्या हिवाळ्यात कोळशाच्या सवलतीसाठी अर्ज केला होता. त्यात प्रश्न आहे, आजारपणात आपली काळजी कोण घेतं. त्यांनी लिहिलंय, 'विल्मा बुटिलिए. रोज तिच्याकडेच जेवतो. छाती भरली की तिथेच झोपतो. तिच्यासारखं कुणी नाही.' दोन्ही अर्ज एकाच ऑफिसात येतात."

हेक्टर टोपी हातात फिरवत होता. ती थांबली.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "मी खरं लिहिलं."

"आणि सवलत मिळाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. पेन्शन मर्यादेच्या जरा वर होती."

मग अध्यक्षबाई विल्माकडे वळल्या. आवाज मऊ होता, ते मला अजून आठवतं.

"श्रीमती बुटिलिए, तुमचा आणि यांचा संबंध पती-पत्नीसारखा आहे का?"

"आम्ही कधी तसं बोललो नाही," विल्मा म्हणाली.

"मला हो किंवा नाही लिहावं लागतं."

विल्माने हेक्टरकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"नाही," ती म्हणाली.

"श्री. गूथ्रो?"

"ती म्हणते तसंच," हेक्टर म्हणाला.

चेक परत सुरू झाला. सोबत पत्र होतं की यापुढे अशी परिस्थिती पुन्हा आढळल्यास विनासूचना बंद करण्यात येईल. परिस्थिती म्हणजे नेमकी किती जेवणं, ते लिहिलेलं नव्हतं.

परतताना बसमध्ये हेक्टर पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसला. विल्मा माझ्या शेजारी बसली.

"मला वाटलं तूच."

"माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

मी तिला गुरुवारचं सांगितलं. डॉक्टरचा बंगला, फरशा, रोख पैसे, सगळं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "आणि मी दोन महिने भिंतीला कान लावून बसले होते. तू फोनवर कुणाशी बोलतेस ते ऐकायला."

"मी फोन करणंच बंद केलं होतं," मी म्हणाले. "तू ऐकशील म्हणून."

दोघींनाही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फ्लोराच्या दुकानात गेले. पाव घेतला, चहा घेतला, नको असलेली काकवीची बाटली घेतली. मग अपिलात हेक्टरच्या अर्जाचं निघालं ते सांगून म्हणाले, "हॉलमध्ये मी तुझ्याबद्दल बोलले ते चुकीचं होतं."

"कळलं मला. त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. सामान पिशवीत भरत होती. "तुझं ते दातांच्या डॉक्टरकडचं काम मला दोन वर्षांपासून माहीत आहे, एडना. त्याची बायको इथूनच साबण नेते. मी कुणाला बोलले?"

"नाही."

"नाही. आणि आता एक सांग. त्या फाइलमध्ये हेक्टरचा एकच कागद होता?"

फाइल जाड होती. चांगली बोटभर जाड. मी ते फ्लोराला सांगितलं. बाकीच्या पानांवर काय आहे ते आम्हाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

"तेच म्हणते मी," फ्लोरा म्हणाली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. पत्त्यांना ती परत आली नाही. लोक हळूहळू दुकानात यायला लागले. कोपऱ्यावरून वळताना तिच्या खिडकीकडे मात्र अजून बघतात.

हेक्टरने जानेवारी आपल्या घरात काढला. फेब्रुवारीत त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या बाईंनी त्याला विचारलं, घरी काळजी घ्यायला कोण आहे. तो म्हणाला, कुणी नाही. मार्चमध्ये ट्रुरोहून त्याची बहीण आली आणि त्याला घेऊन गेली. विल्मा बस थांब्यावर गेली होती. मीही गेले होते. तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, त्याने ते लावू दिलं, आणि मग ओळीतल्या खिडक्या आठवून दोघंही एकेक पाऊल मागे सरकली.

आता रविवारी दुपारी तो तिला फोन करतो. भिंतीतून मला तिचा आवाज येतो, मी रेडिओ मोठा करत नाही. हवा कशी आहे, बर्फ वितळला का, बहीण काय रांधते. तो काय विचारतो ते मला ऐकू येत नाही. पण मधेच ती थांबते, आणि म्हणते, "ते फोनवर नको, हेक्टर."