लक्ष्या शिपायाचा घोडा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक शिपाई समोर आणा. अंगात खाकी सदरा, खांद्याला बंदूक. आता त्याचा चेहरा बघा. दिसत नाही ना? तलासरीजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या प्रगतीची हीच पंचाईत झाली होती.

हा शिपाई म्हणजे तिच्या नवशीआजीचा बाप, लक्ष्या. आजी झोळीत झोपणारं बाळ होती, तेव्हा तो दुसऱ्या महायुद्धात लढायला गेला, तो परतलाच नाही. त्याचा एकही फोटो नव्हता. "मी कुणाचं तोंड घेऊन फिरतेय, ते एकदा बघायचंय," असं आजी हसत म्हणायची. पण म्हणताना तिचा हात हनुवटीवरच्या खळीकडे जायचा. प्रगतीने मनात घेतलं, आजीला तिचा बाप दाखवायचाच.

हायवेजवळ धनेशदादाचा फोटो स्टुडिओ होता. तो कॉम्प्युटरवर चित्रं करायचा, अगदी खऱ्या फोटोसारखी.

"करतो, पण नमुना तरी आण," तो म्हणाला.

नमुना होता की! आजीच्या माहेरी, आशागडच्या बाजूला, लक्ष्याच्या नावाचा चिरा उभा होता. घरातलं माणूस गेलं की त्याच्या आठवणीसाठी कोरून उभा करतात, तो दगड. त्यावर घोड्यावर बसलेला, मिशी पिळलेला, तलवार उगारलेला स्वार होता. प्रगतीने वडिलांच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि धनेशदादाला नेऊन दिला.

चित्र तयार झालं. काय त्याचा थाट! आजीने ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"हा कोण गं? लग्नाला निघालाय का?"

"आजी, हा तुझा बापूस! चिऱ्यावर बघून केलाय."

"अगं वेडे, तो कुठला घोड्यावर बसायला! चिऱ्यावर घोडा सगळ्यांनाच देतात. मेल्यावर पुढं लांब जायचं असतं ना! आमच्या हाल्यामामालाही दिलाय, आणि तो तर बकरीला घाबरायचा."

"आणि मिशी?"

"मिशी कोरणाऱ्याच्या मनातली." आजीने चित्र अलगद परत दिलं. "छान आहे गं. पण हा माझा नाही."

प्रगतीचं तोंड एवढंसं झालं. मग तिने विचारलं, "आजी, तुझी आई काय सांगायची त्याच्याबद्दल?"

"आयस म्हणायची, त्याने चेहरा वाटून टाकला. कान गेले आपल्या हिरूकडे, नाक दक्षाकडे. मला ही खळी तेवढी आली."

प्रगती ताडकन उठली.

रविवारी ती वडिलांबरोबर आशागडला गेली. हिरू हा आजीचा भाचा. तो चिकूच्या वाडीत झाडावर चढला होता.

"हिरूकाका, खाली या! तुमचे कान हवेत."

"कापून नेतेस का?"

"नाही, मोबाईलवर."

"मग दोन्ही ने!"

त्याची बहीण दक्षाआत्या चिकू निवडत बसली होती. "नाकाचा फोटो? थांब, पावडर तरी लावू दे," म्हणून ती आत पळाली. पावडर पुसून मगच फोटो काढावा लागला.

धनेशदादाने कान, नाक, खळी एकत्र आणली. जुन्या लढाईतले फोटो शोधून तसा गणवेश चढवला.

"दादा, रंग उजळू नका," प्रगती म्हणाली. "हिरूकाकांच्या हातासारखाच ठेवा."

"सवय गं! नवरदेव गोरा केला नाही तर त्याची आई भांडायला येते." मग तो म्हणाला, "आणि वय? हे सगळे नमुने म्हातारे आहेत."

"आमच्या दिपकदादाएवढा करा." दिपक तिचा कॉलेजात जाणारा भाऊ. धनेशदादाने एकेक सुरकुती काढून टाकली.

नवं चित्र त्याने तपकिरी पुठ्ठ्यावर चिकटवून दिलं. आजी या वेळी हसली नाही. तिचं बोट चित्रातल्या कानावरून नाकावर आलं, तिथून खळीवर. दुसऱ्या हाताने ती आपली हनुवटी चाचपत होती.

"अगं, हा तर पोरगा आहे!" ती म्हणाली. "केवढासा गेला." मग चित्राकडे वाकून तिने विचारलं, "जेवलास का रे?"

सगळे हसले. आजीही हसली, डोळे पुसत. मग एकदम म्हणाली, "प्रगती, घोडा कुठं गेला?"

"तूच म्हणालीस ना, तो घोड्यावर बसलाच नव्हता!"

"जिवंतपणी नाही बसला. पण दिलेला घोडा कुणी काढून घेतं का? एवढ्या लांबून पोर घरी येणार कसं?"

प्रगतीने चित्राकडे पाहिलं. चेहऱ्याला हात लावायचा नव्हता. पण भोवतीचा तपकिरी पुठ्ठा कोरा होता. भिंतीवरच्या वारली चित्रांसाठी करतात तसे तिने भिजवलेले तांदूळ वाटीभर वाटून घेतले. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं. लक्ष्याच्या शेजारी तिने दोन त्रिकोण जोडले, त्यांना चार पाय दिले, शेपूट दिली, आणि घोड्याचं तोंड घराच्या दाराकडे वळवलं.