शब्द यायच्या आधीचा ठेका

हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी रंगात आली होती, पण मनोहरांचं बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं. पुण्याहून मुलाकडे आले होते ते, आणि मुलगा अजित आज इथे रेकॉर्डी लावणार होता. त्याही कुठल्या? तर ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या. डिस्को उतरणीला लागला, वादकांचा ताफा गेला आणि सिंथेसायझर अन् ठेका वाजवणारं यंत्र आलं, त्या काळातल्या.

त्याच यंत्राने मनोहरांच्या पोटावर पाय दिला होता. ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे ते, आणि काय वाजवायचे! मालकाने यंत्र आणलं आणि यांच्या हातात नारळ दिला. पुढे जन्मभर बँकेत खर्डेघाशी. अजितला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. बिचारा आठवडाभर कंपनीत चिप बनवायच्या मशिन्सशी झटायचा आणि सुट्टीत जुन्या बाजारातून या रेकॉर्डी गोळा करायचा.

पहिली रेकॉर्ड सुरू झाली. धप, धप, धप. एका गाण्याला दुसरं जोडता यावं म्हणून तेव्हा सुरुवातीला नुसता यंत्राचा ठेकाच ठेवत. पण आपल्या लोकांना कोण सांगणार? शब्द आल्याशिवाय गाणं सुरू झालं असं मानतील तर शपथ.

"अजून टेस्टिंगच चाललंय वाटतं," मंडळाच्या अध्यक्ष उल्काताई म्हणाल्या. "चला, तोवर मिसळ घेऊन टाकू."

झालं, सगळे उठून रांगेत. नाचायची जागा ओस. मनोहरांना आधी गुदगुल्या झाल्या. बरी जिरली त्या यंत्राची! मग त्यांनी अजितकडे पाहिलं. पोरगा मान खाली घालून उगाच बटणं फिरवत होता, कान लालबुंद झाले होते. उल्काताई त्याच्याकडेच निघाल्या होत्या, हे बंद कर आणि नेहमीची हिंदी गाणी लाव म्हणून सांगायला.

मनोहर उठले. गुडघ्यांना शिव्या घालत थेट मधोमध गेले आणि एकटेच नाचायला लागले.

"काका, गाणं तर सुरू होऊ द्या," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"हेच गाणं आहे," मनोहर खेकसले. "या मुकाट्याने."

आधी दोन पोरी आल्या, मग बायका, मग मिसळ अर्धी टाकून पुरुषही. शब्द आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

"बाबा, आवडलं ना?" अजितने तिकडून विचारलं. चेहरा कसा फुलला होता पोराचा.

मनोहरांनी मान डोलावली. खोटी नव्हे, आणि तेच तर झोंबत होतं. ते यंत्र लेकाचं एकदाही चुकत नव्हतं, दमत नव्हतं. ते आणून मालकाने काही वावगं केलं नव्हतं तर. भर गर्दीत त्यांना रडू आलं, आणि पाय काही केल्या थांबेनात.